हळदीची पट्टी

वकिलाच्या गळ्यातल्या पांढऱ्या पट्टीला हळदकुंकू लावू नये, हे मला कोणत्याही शाळेत शिकवलं नव्हतं. (आठवीनंतर शिकवत असतील तर माहीत नाही, मी आठवीतच शाळा सोडली.)

मी नांदेडकडचा. पोटासाठी नाशिकला आलो आणि अंबडच्या कारखान्यात लेथवर लागलो. बायको सुनंदा चांदवडची, शहरातल्या एका भल्यामोठ्या वकिली फर्ममध्ये नवीकोरी वकील. अशा मुलीनं मला पत्करलं, या उपकारानं मी तेव्हा इंदिरानगरच्या खोलीत वाकूनच वावरायचो!

फर्ममध्ये वकील इतके, की सुनंदाच्या वाट्याला नुसत्या फायली उचलणं आलं. अखेर मोठे साहेब म्हणाले, "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी एका म्हातारीच्या घराचं प्रकरण आहे, ते तुम्ही चालवा. पाडकामाला मनाई मिळवलीत, तर पुढची कामं स्वतंत्र. नाही तर फायली आहेतच!"

"मिळवणारच," सुनंदा म्हणाली. घरात युक्तिवाद सुरू झाले. समोरची पार्टी म्हणून मी भाजी निवडत बसायचो आणि रोज हरायचो.

दसऱ्याला कारखान्यात आम्ही यंत्रं पुजतो. माझ्या लेथला हळदकुंकू, मग बायकोच्या हत्यारांनी काय घोडं मारलंय? ती शेजारी सोनं वाटायला गेल्यावर मी तिचा कोट, कायद्याचं पुस्तक आणि पट्टी पाटावर मांडली. कोटाला, पुस्तकाला एकेक बोट. पट्टीला भक्तिभावानं अख्खा पंजा!

सकाळी किंकाळी.

"अहो, हे काय?"

"पूजा."

"एकच पट्टी आहे माझी! आज कोर्ट आहे!"

"थांब, साबण लावतो ना."

साबण लागताच पिवळा डाग लालभडक झाला. आता तर पट्टीवर खून पडल्यासारखा दिसत होता!

"तू हो पुढे. कोर्टाजवळच्या दुकानातून नवी आणतो."

दातओठ खात ती बिनपट्टीची निघाली. मी सायकल दामटली. दुकानदार नुकताच उदबत्ती ओवाळत होता.

"दादा, आधी पट्टी!"

"आधी देव."

(पूजेनं असा सूड घेतला!)

पट्टी घेऊन धावत कोर्टात शिरलो. सुनंदा न्यायाधीशांपुढे उभी होती. "पट्टी नाही, त्याबद्दल क्षमा असावी. पण उद्या या आजींच्या भिंतीवर घण पडणार आहे, तेव्हा ऐकून घ्यावं."

मी दारातून पट्टी फडकवली.

"तुम्ही कोण?" न्यायाधीशांनी विचारलं.

झालं! माझे हात जोडले गेले. "साहेब, गुन्हा माझा आहे. हळदही माझीच. बाईंना सोडा!"

कोर्ट खो खो हसलं. न्यायाधीश चष्म्यावरून बघत म्हणाले, "तुमचे वकील कोण?"

मी सुनंदाकडे बोट दाखवलं.

"साहेब," ती शांतपणे म्हणाली, "मी आजींचं वकीलपत्र घेतलंय. यांचं नाही."

तिनं पट्टी बांधली, ठासून बोलली आणि मनाई मिळवूनच बाहेर आली. आजींचं घर राहिलं, सुनंदाला तिची स्वतंत्र कामं मिळाली. आता तिच्याकडे अशिलांची रांग असते. त्या रांगेत मीही एकदा उभा राहून पाहिलं.

तिनं मान वर न करता सांगितलं, "यांची केस पडेल आहे. पुढचे या!"