एरियलवर वाळत घातलेलं धोतर

आई गेली त्याला आज सतरा दिवस झाले. तेरा दिवस टीव्हीवर चादर टाकलेली होती. चौदाव्या दिवशी भाच्याने ती काढली, कारण निवडणुकीचे निकाल होते. "मावशी, आवाज बंद ठेवतो, नुसते आकडे बघतो," असं तो म्हणाला. मी हो म्हटलं. नाही म्हणून काय मिळवणार होते? पडद्यावर माणसं हातवारे करत भांडत होती आणि घरात पंख्याचा तेवढा आवाज होता. भाच्याचं आणि त्याच्या वडिलांचं राजकारणावरून पटत नाही. एक बाहेरच्या खोलीत बसून पाहत होता, दुसरे आतल्या खोलीत फोनवर तेच पाहत होते. मी आईची ट्रंक उघडून बसले.

ट्रंकेत तळाशी डांबराच्या गोळ्यांच्या वासात रेडिओच्या लायसन्सचं पुस्तक होतं. त्या काळी रेडिओ घरात ठेवायला लायसन्स लागे, दर वर्षी पोस्टात जाऊन ते नवं करून आणावं लागे. पुस्तकात एक जुनं पोस्टकार्ड होतं. गेले तीन दिवस ते माझ्या उशाशी आहे. त्या कार्डाबद्दल सांगायचं, तर आधी रेडिओबद्दल सांगायला हवं.

आम्ही तेव्हा अंबरनाथला कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो. दोन खोल्या, मागे पडवी, पडवीपुढे थोडं अंगण. बाबा कारखान्याच्या कचेरीत होते. सरकारी नोकरी, म्हणून बोलणं मोजकं. घरात मी एकटीच मूल, बाराव्या वर्षाला टेकलेली. धाकट्या बहिणीचा जन्म पुढे झाला.

रेडिओ बाबांनी जुना घेतला होता, उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातल्या एका सिंधी दुरुस्तीवाल्याकडून. लष्कराच्या जुन्या बराकीत अर्ध्या भागात त्याचं घर आणि अर्ध्या भागात दुकान होतं. दारात त्याची बायको पापड लाटत असे. रेडिओ त्याने सायकलच्या कॅरिअरवर गोधडीत गुंडाळून आणला, एखादं आजारी माणूस आणावं तसा. अंगणात दोन बांबू रोवले, त्यांच्यामध्ये पुरुषभर उंचीच्या वर तांब्याची तार ताणली आणि तिचं एक टोक खिडकीतून रेडिओपर्यंत नेलं. तार नवी नव्हती, मध्ये सांधलेली होती. जाताना त्याने आम्हा तिघांना उभं करून बजावलं, "साईं, ये तार को कोई हाथ नहीं लगाएगा. ना आप, ना बच्ची, ना भाभीजी."

बाबांनी मान डोलावली. आईने पदर सावरून तारेकडे वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर देवळाच्या कळसाकडे पाहताना असतो तसा भाव होता.

रेडिओ बाबांचा होता. त्यावर आईने विणलेला रुमाल असे, तो बाबाच काढत, घडी करत, आणि बातम्या संपल्या की पुन्हा घालत. आई ओट्याशी उभी राहून ऐके. तिला बातम्यांत रस नव्हता. बातम्यांच्या आधी कधी कधी गाण्याचा शेवटचा तुकडा लागे, तो तिला आवडे.

मामा आईचा पाठचा भाऊ. दादरला कुठल्याशा कचेरीत कारकून, आणि नाटकाचं वेड. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ भरात आली तसा तो मोर्च्यांतून दिसायला लागला. एकदा तो आमच्याकडे आला तेव्हा त्याचा घसा इतका बसलेला होता की चहा मागायलासुद्धा त्याने खूण केली.

"घोषणा देऊन राज्य मिळतं होय?" बाबा म्हणाले.

"न देऊन कुठे मिळालंय, भाऊजी?" मामा घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"तुझं ठीक आहे, तू सडाफटिंग. उद्या कारखान्यात कोणी विचारलं की हा कोण तुमच्याकडे येतो, तर मी काय सांगू?"

"सांगा, बायकोचा भाऊ आहे. तो काही तुम्ही निवडून दिलेला नाही."

आई हसली. ती हसली नसती तर कदाचित पुढचं झालं नसतं. बाबांनी बातम्या लावल्या आणि मामा म्हणाला, "रेडिओ सरकारचा, बातम्या सरकारच्या, नोकरी सरकारची. कान तरी घरचे आहेत ना, भाऊजी?"

बाबांनी रेडिओ बंद केला. शांतपणे रुमाल घातला आणि म्हणाले, "यापुढे या घरी येऊ नकोस." मामाने चहा अर्धा ठेवला. आई त्याच्यामागे अंगणापर्यंत गेली आणि तिथून परत आली. त्यानंतर घरात त्याचा विषय निघाला नाही.

पाच-सहा महिन्यांनी एक कार्ड आलं. रविवारी सकाळी अकराला रेडिओवर श्रुतिका आहे, तीत मी पोस्टमन आहे, चारच वाक्यं आहेत, पण ऐक, असं मामाने लिहिलं होतं. कार्ड उघडं असतं. ते बाबांनी आधी वाचलं आणि मग आईच्या जेवणाच्या पाटाशी ठेवलं.

आईने चार दिवस धीर गोळा केला.

"अहो, रविवारी ते लावाल ना?"

"काय ते?"

"ते आपलं... श्रुतिका."

"श्रुतिका कधीपासून ऐकायला लागलीस तू?"

आई ओट्याकडे वळली. पण शनिवारी संध्याकाळी त्यांनी मला रेडिओपाशी बोलावलं आणि कुठलं बटण किती फिरवायचं ते दाखवलं. "उद्या अकराला पाच मिनिटं असताना लाव. मी पूजेत असेन," असं म्हणाले. रविवारची त्यांची पूजा एरवी दहाच्या आत आटपत असे. मेव्हण्याला ऐकायचं नाही आणि बायकोला अडवायचं नाही, यातून त्यांनी काढलेली ती वाट होती. आज मला ते कळतं. तेव्हा रेडिओचं बटण आपल्या हाती आलं, एवढाच आनंद होता.

त्याच रात्री आईला कावळा शिवला. मुलांना तेव्हा तेवढंच सांगत. तीन दिवस ती मागच्या पडवीत चटईवर बसणार, तिला कोणी शिवायचं नाही, तिने कशाला शिवायचं नाही. घरचं मी बघायचं. तिने पडवीतून सांगायचं आणि मी आत करायचं, असा भातवरणाचा कारभार आमच्याकडे महिन्याला चालेच.

रविवारी सकाळी बाबांचं पूजेचं धोतर धुऊन वाळत घालायचं काम माझ्याकडे आलं. दुसऱ्या दिवशीच्या पूजेसाठी ते सोवळ्यात वाळायला हवं, म्हणजे कोणाचा स्पर्श होता कामा नये. एरवी आतल्या खोलीत आढ्याला टांगलेल्या वलणीवर काठीने ते घालत. मी काठीने उचललं, पण वलणी उंच आणि धोतर ओलं, जड. दोनदा ते अर्ध्यातून घसरून जमिनीवर पडलं, दोनदा पुन्हा धुतलं. साडेदहा वाजत आले होते. तेव्हा मला अंगणातली तार दिसली.

मी मूर्ख मुलगी नव्हते. शाळेत पहिली येत असे. मी नीट विचार केला होता. घरात एकच जागा अशी होती की जिला कोणीही, कधीही हात लावत नव्हतं. खुद्द बाबाही नाहीत. दुरुस्तीवाल्याने तिघांना उभं करून तसं सांगितलं होतं. इतकी सोवळी दोरी दुसरी कुठे मिळणार? शिवाय अंगणात पडवीची पायरी होती, तिच्यावर चढून काठी पोहोचत होती. मी धोतर तारेवर टाकलं. ते छान पसरलं.

आई चटईवर गहू निवडत होती. तिने निवडलेलं कोरडं धान्य त्या दिवसांतही चाले. तिने वर पाहिलं.

"तिथे घातलंस?"

"कोणी शिवत नाही ना तिथे."

आईने क्षणभर विचार केला. "बरोबर आहे," ती म्हणाली. आम्ही दोघी सारख्याच.

अकराला पाच कमी असताना मी रुमाल काढला, घडी केली, बटण फिरवलं. आत पिवळा उजेड आला, मग गुणगुण, मग माणसाचा आवाज. पलीकडच्या कोपऱ्यात बाबा सोवळ्यात, देवांवर अभिषेकाची धार सुरू. खिडकीपलीकडे पडवीत आई. तिने सूप बाजूला ठेवलं होतं आणि खिडकीकडे तोंड करून बसली होती.

श्रुतिका सुरू झाली. एक नवरा-बायको हरवलेल्या छत्रीवरून भांडत होते. आई एकदा हसली. मग दारावर थाप पडल्याचा आवाज आला. बायको म्हणाली, "कोण आहे?"

आणि त्या जागी खरखर सुरू झाली. आवाज विहिरीत पडल्यासारखा खाली गेला आणि आलाच नाही.

मी खिडकीत धावले. तार सांध्यातून तुटली होती. धोतर मातीत पडलं होतं, आणि खिडकीकडच्या तुकड्याचं टोक आईच्या चटईवर, तिच्या गुडघ्याशी, वेटोळं घालून पडलं होतं.

"अहो, तार पडली!" आई ओरडली.

बाबा मागच्या दारात आले. ओल्या अंगाने, सोवळ्यात, हातात पळी तशीच. त्यांनी तारेकडे पाहिलं. आईने हात पुढे केला आणि मागे घेतला. ती तार सरळ रेडिओपर्यंत जात होती, आणि रेडिओ देवांच्या खोलीत होता. बाबांनी उंबऱ्यावरून एक पाऊल उचललं आणि ते तिथेच ठेवलं. दोघांमध्ये चार हातांचं अंतर असेल. दोघांचे हात चांगले धडधाकट होते.

"थांब," बाबा म्हणाले, "देव अर्धे न्हालेत. आटपून येतो."

"या," आई म्हणाली.

मग मीच चटईवर गेले. आईला शिवले, तार उचलली, पायरीवर चढून लोंबतं दुसरं टोक ओढलं आणि दोन्ही टोकं एकमेकांवर धरून उभी राहिले. काही झालं नाही. तारेवरचा काळा थर खरवडल्याशिवाय उपयोग नाही, हे फक्त बाबांना माहीत होतं. आतून मंत्र ऐकू येत होते, नेहमीपेक्षा पुष्कळ भरभर. आई म्हणत होती, "असू दे गं, हात दुखतील," आणि मी टोकं सोडत नव्हते.

बाबा साधं धोतर नेसून आले. त्यांनी चाकूने तार खरवडली, पीळ दिला, बांबूला बांधली. चटईला पाय लागला तरी त्यांनी तो काढला नाही. आवाज आला. कोणीतरी भाताच्या खतांबद्दल सांगत होतं.

धोतर तारेवर कोणी घातलं, हे बाबांनी विचारलं नाही.

संध्याकाळी मी पडवीत आईचं ताट दुरून सरकवत होते. बाबा दाराशी आले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "काही ऐकू आलं का तुला त्याचं?"

"आलं की," आई म्हणाली. "तार पडायच्या आधीच आला होता तो. दोन वाक्यं ऐकली. आवाज जरा बसला होता त्याचा."

बाबांचा श्वास सुटलेला मला ऐकू आला. मी रेडिओपाशी उभी होते. पोस्टमन आला नव्हता, नुसती थाप पडली होती. पण आईचे कान भावाकडे लागलेले, तिने ऐकलं असेल, असं मी स्वतःला समजावलं. वर्षानुवर्षं समजावलं.

मामा पुन्हा घरी आला नाही. बाबांनी एकदा, "दिवाळीला बोलवायचं तर बोलव," असं म्हटलं होतं. आईने कार्ड टाकलं, पण तोवर त्याची बदली लांब झाली होती. तिथेच तो विषमज्वराने गेला. तार आली तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. वर्षभराने राज्य झालं. क्वार्टर्समध्ये पेढे वाटले. आईने आपला पेढा रेडिओवरच्या रुमालावर ठेवला, त्याला मुंग्या लागल्या, तरी बाबांनी तो उचलला नाही.

ट्रंकेत सापडलेलं कार्ड मामाचंच आहे. त्या रविवारनंतर आठवड्याभरात आलेलं. पाच ओळी आहेत.

"ताईस सा. न. रविवारी तू उगाच कान लावून बसली असशील. शुक्रवारच्या मोर्च्यात घसा पार बसला, त्यामुळे पोस्टमनचं काम ऐनवेळी दुसऱ्याला दिलं. भाऊजींना सांगू नकोस, त्यांना बरं वाटेल. पुढच्या वेळी नक्की."

कार्ड उघडं असतं. बाबांनी ते वाचलं असणार. वाचून त्यांनी ते आईला दिलं नाही, लायसन्सच्या पुस्तकात ठेवून दिलं. ती ऐकल्याचं सांगते आहे तर सांगू दे, एवढंच त्यांना करता आलं असेल. इथपर्यंत मला जुळवता येतं.

पण बाबा जाऊन तीस वर्षं झाली. ट्रंक आईची होती. दर दिवाळीच्या आधी ती रिकामी करून, पुसून, गोळ्या बदलून पुन्हा भरायची. ते पुस्तक तिने कितीदा हातात घेतलं असेल. शेवटच्या वर्षीसुद्धा डोळ्याला काच लावून ती जुनी कार्डं वाचत असे. आणि तरीही, मला आठवतं तेव्हापासून, ती मामाबद्दल बोलताना म्हणायची, "रेडिओवर ऐकला होता मी त्याला. आवाज जरा बसला होता."

भाच्याला हे सांगायला गेले. त्याने टीव्हीवरची नजर न काढता विचारलं, "मग रेकॉर्डिंग नाही का कुठे, मावशी?" मी नाही म्हटलं. त्याला वाईट वाटलं असावं, कारण त्याने रिमोट माझ्या हातात दिला. "तुला काय बघायचंय ते लाव."

मला काही बघायचं नव्हतं. मी आवाजाचं बटण शोधत बसले.