आबांचे मिटलेले डोळे

गंगाखेडच्या पुलावर गाडी आली आणि शेजारी बसलेल्या आजींनी गोदावरीत नाणं टाकून डोळे मिटले.

माझे वडील, आबाही असंच करायचे. ते पूर्णा स्टेशनात कारकून होते. मी दहावीत असताना, सत्तरच्या दशकात, देवमासा बघायला त्यांनी मला कोकणात नेलं. बघायचा त्यांनाच होता. कोळ्याच्या होडीत आणखी पाच-सहा प्रवासी होते. सकाळभर नुसतं पाणी दिसलं. परतताना आबांनी सवयीनं समुद्रात नाणं टाकलं आणि डोळे मिटून हात जोडले.

"काका, ही काय नदी आहे का?" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

मी शरमेनं मान फिरवली आणि तेव्हाच पाण्यातून काळीभोर, ओली पाठ वर आली. लांब उसासा टाकल्यासारखा आवाज झाला. हसण्यात तो दुसऱ्या कुणालाच ऐकू गेला नाही. हाक मारली तर सगळे पुन्हा आमच्याकडे बघतील, म्हणून मी गप्प राहिले. पाठ बुडाली. मग आबांनी डोळे उघडले.

"तुला दिसला का गं माय?"

"नाही."

"ऱ्हाऊ दे. पुढच्या साली येऊ."

त्याच हिवाळ्यात आबा गेले.

"हात जोड की गं पोरी," आजी म्हणाल्या. मी जोडले. डोळे मात्र उघडेच ठेवले.