शेणानं सारवलेली ट्रेंच

"काकू, हे काय केलंत?"

एवढंच माझ्या तोंडून निघालं. माझ्या ट्रेंचचा तळ ओल्या शेणानं सारवलेला होता. कोपरे धरून, कडा सांभाळून, अगदी निगुतीनं.

ट्रेंच म्हणजे मोजून आखलेला चौकोनी खड्डा. आम्ही पुरातत्त्ववाले तो कुदळीनं भसाभसा खणत नाही. थापी आणि ब्रश घेऊन एकेक थर सोलत खाली जायचं. जे सापडेल ते जागेवरच मोजायचं, फोटो घ्यायचा, मगच हलवायचं. कापडे गावच्या या शेतात नांगराला जुनी खापरं लागत, म्हणून आम्ही इथं आलो होतो. महिनाभर खपल्यावर कमरेइतक्या खोलीवर मातीचा एक घट्ट, सपाट थर लागला. माझ्या मते ती घराची जमीन होती. कोपऱ्यात तीन दगड, त्यांच्यामध्ये राख आणि कोळशाचे तुकडे. म्हणजे चूल.

पुण्यात बसलेल्या आमच्या सरांना हे पटत नव्हतं. फोटो बघून त्यांनी फोनवर निकाल दिला, "पुराचा गाळ आहे. नदी शेजारीच आहे, गाळ सपाटच बसतो. दगड वाहून आलेत. मी येऊन बघतो आणि काम बंद करतो."

म्हणजे सगळं त्या एका भेटीवर आलं. जमीन ठरली तर पुढे खणायला मुदतवाढ, गाळ ठरला तर खड्डा बुजवून घरी. चुलीतला कोळसा हे माझं हुकमाचं पान होतं. कोळसा लॅबमध्ये तपासला की तो किती जुना ते कळतं, म्हणजे घर किती जुनं तेही कळतं. तो मी चार दिवस मुद्दाम उचलला नव्हता. सरांच्या डोळ्यांदेखत जागेवरून उचलायचा, म्हणजे त्यांना बोलायला जागाच उरणार नाही, असा माझा बेत.

भेटीच्या सकाळी ट्रेंचच्या ड्रॉइंगच्या मोठ्या प्रिंट काढायला महाडला गेले. दुकानात लाइट नव्हती. लाइट आली तर कागद संपलेला. "बिरवाडीवरनं येतोय मॅडम, पाच मिनटं," असं दुकानदार तासभर सांगत राहिला. प्रिंट घेऊन परतले, तर हे सारवण.

करणाऱ्या इंदूकाकू. शेत त्यांचंच आणि ट्रेंचवर कामालाही त्याच. हात इतका हलका की नाजूक काम मी त्यांनाच द्यायची. निघताना मी त्यांना ट्रेंच साफ करून ठेवायला सांगितलं होतं.

"उन्हानं भेगा पडल्या व्हत्या," कोपरापर्यंत शेणाचे हात घेऊन काकू शांतपणे म्हणाल्या. "साहेब येनार आन फुटकी जमीन दाखवायची काय?"

"आणि चुलीतली राख?"

"काढली."

"कुठे टाकली?"

"वांग्यांना."

मी वांग्यांच्या वाफ्याकडे पळत गेले. काकूंनी राख पसरून वर पाणीही घातलं होतं. त्यांच्या घरच्या चुलीची राख रोज तिथंच पडायची. कुठला कोळसा कालचा आणि कुठला त्या जुन्या चुलीतला, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. मी ओरडले. शेतभर ऐकू जाईल इतकी ओरडले. काकू हात धुवायला गेल्या. मला रडू यायला लागलं, कोळसा गेला म्हणून आणि वयानं मोठ्या बाईवर ओरडले म्हणूनही. तेवढ्यात सरांची गाडी आली.

सर महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरून आले होते. वळणांनी गाडी लागलेली, त्यामुळे चहासुद्धा नको म्हणाले. थेट ट्रेंचपाशी येऊन उभे राहिले.

"हे काय आहे?"

"शेण, सर."

"ते मलाही कळतंय. कोळसा कुठाय?"

"वांग्यांत."

सरांनी डोळे मिटले, उघडले. "बुजवून टाका. तसाही गाळच होता."

"गाळ कशाचा?" मागून काकूंचा आवाज आला. "गाळ आमच्या शेतात दरसाल येतो, साहेब. मी जल्मभर बघतंय. ही जमीन हाय."

"मावशी, सपाट दिसली म्हणून जमीन होत नाही."

काकूंनी माझी थापी मागून घेतली आणि ट्रेंचमध्ये उतरल्या. खड्ड्याच्या भिंतीलगत एक पट्टा सारवायचा राहिला होता. तिथून तळहाताएवढं ढेकूळ त्यांनी अलगद सुटं केलं आणि त्याच्या कडेत नख घातलं. पापुद्र्यावर पापुद्रा सुटायला लागला.

"हे सारवान. एकावर एक, सारखं चढवलेलं," त्या म्हणाल्या. मग एक पापुद्रा उलटा करून सरांपुढे धरला. त्यावर चार बारीक रेषा होत्या, शेजारीशेजारी, एकाच बाजूला वळलेल्या. काकूंनी ढेकूळ आपल्या ओल्या सारवणाशेजारी ठेवलं. त्यांच्या बोटांच्या रेषा तशाच वळल्या होत्या.

"गाळाला बोटं असतात काय?"

सर ट्रेंचमध्ये उतरले. पुण्याहून घालून आलेल्या पँटीसकट शेणात गुडघे टेकले आणि खिशातलं भिंग काढलं. एकेक रेष भिंगाखालून तपासली. मीही महिनाभर भिंग घेऊन हिंडत होते. थराची जाडी मोजली, रंग लिहिला, चार कोनांतून फोटो काढले. ती बोटं काही मला दिसली नव्हती. याचा राग कुणावर काढायचा?

"मुदतवाढीचा अर्ज लिही," सर उठत म्हणाले. "आणि मला चहा चालेल."

मुदतवाढ मिळाली. पुढे त्या जमिनीच्या कडेनं खांब रोवल्याचे खड्डे सापडले. घर होतं, यात शंका राहिली नाही. पण कामाचा कोळसा पुन्हा कुठंच मिळाला नाही. खापरं साधी, शेकडो वर्षं एकाच पद्धतीनं घडवली जाणारी, त्यांवरून नुसता अंदाज बांधता येतो. अहवालात घराचं वर्णन चांगलं पाच पानं आहे. काळ या रकान्यात एकच शब्द आहे: अनिश्चित. कुणी कौतुकानं "किती जुनं आहे हो?" असं विचारलं की अजून माझं डोकं फिरतं.

त्याच दिवशी, सर गेल्यावर, मी काकूंची माफी मागितली. खापर, मणी, बांगडीचा तुकडा, यांना न विचारता हात लावायचा नाही, हे मी सगळ्यांना बजावलं होतं. राखेचं कुणाला सांगितलंच नव्हतं.

"असू द्या गो," काकू म्हणाल्या. "मला वाटलं, तुमाला ती नको हाय. पायजे असती तर चार दिस तशीच ठेवली असती काय?"

आता कोळसा दिसला की फोटो काढून लगेच डबीत भरते. सरांना काय, फोटोतही दाखवता येतो.