जावेचे हात, माझे हात

केदारखेड्याला सासरी माझी आणि थोरल्या जावेची बोटं एकाच वर्षी वाकडी झाली. तिच्या दुखण्याला सगळे आमवात म्हणाले. माझ्या कोपरांवर मात्र कोंडा सुटणारे लाल चट्टे उठले होते. ते पाहून सासूबाई म्हणाल्या, "हा महारोगच हाय." माझं अंथरूण कडब्याच्या खोलीत गेलं.

दोन वर्षं मी तिथं काढली. भाकर उंबऱ्यावर ठेवून माणूस लगेच वळायचं. मालक लांबूनच विचारायचे, "बरं हाय ना?" मी हो म्हणायचे. दिवसाकाठी बोलणं तेवढंच. म्हणून मी शेजारच्या गोठ्यातल्या बैलांशी बोलायचे.

जावेची सूज फार वाढली तेव्हा तिला जालन्याच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं ठरलं. ती अडून बसली, "धाकटीला घेतल्याबिगर मी गाडीत बसत न्हाई." मला गाडीच्या मागच्या टोकाला बसवलं.

डॉक्टर वयस्कर, हैदराबादकडचे. त्यांनी आमचे हात टेबलावर शेजारी शेजारी ठेवायला लावले आणि माझा उचलून आपल्या तळहातावर घेतला. इतक्या दिवसांत मला कुणी शिवलं नव्हतं. मला रडूच फुटलं. डोळे मिटायला सांगून त्यांनी चट्ट्यावर कापूस फिरवला, मग सुई लावली.

"कळून राह्यलं?"

"टोचलं," मी म्हणाले.

"मंग महारोगाची निशानी न्हाई."

जावेची दोन्ही मनगटं, बोटांची मुळं त्यांनी दाबून पाहिली. "दोन्हीकडं बराबर सूज. सकाळी हात आखडतात?"

"दुपारपस्तोर," जाऊ म्हणाली.

"हा आमवात. पण हिचं बघा. एकच बोट पुरं सुजलंय, टोकाचे सांधे धरलेत. नखांवर हे बारीक खड्डे. चामडीच्या बिमारीसंगं येणारं सांध्यांचं दुखणं हे. अलग हाय. कोणाला लागत न्हाई."

मालक दाराशी उभे होते. त्यांनी डॉक्टरांना ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

घरी आल्यावर माझं अंथरूण आत आलं. ताट वेगळंच राहिलं. सांधे औषधानं थोडे हलके झाले, चट्टे येत-जात राहिले. त्या संक्रांतीला मी नवं लुगडं नेसून वाणाचं ताट मांडलं. गल्लीतल्या बायका आमच्या दारावरून हसत पुढं गेल्या. दिवस मावळेपर्यंत मी ओसरीवर बसून होते. वाण घ्यायला जाऊ तेवढी आली.