न ओळखलेली खिरापत

देव सगळ्यांना सारखंच देतो, असं म्हणणाऱ्यांना त्या दिवसांत मी आमच्या घरी जेवायला बसवायला हवं होतं. आर्णीजवळच्या आमच्या घरात दोन सुना आणि दोघींनाही एकाच सुमारास दिवस गेलेले. मी थोरली. सकाळी चूळ भरायला पाणी तोंडात घेतलं तरी माझं पोट ढवळून यायचं. आणि धाकटी जाऊ सुषमा माझ्या डोळ्यांदेखत ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा आणि वर कच्चा कांदा हाणायची, बोटं चाटायची. माय वं, कसा जळायचा माझा जीव!

सासूबाईंना तिचं भारी कौतुक. "सुषमाले आज पाटोड्यांचा रस्सा खावासा वाटून राह्यला," म्हणत त्या चुलीपाशी बसायच्या आणि लसणाची फोडणी पडली की मी पदर नाकाला लावून परसात धावायची. मला कोणी विचारत नव्हतं असं नाही. "काय खाशीन?" म्हणून विचारायचे, पण नाव घ्यावं ते पोटात राहतच नव्हतं. तिच्या गालांवर तेज चढत होतं आणि माझी गालफडं आत जात होती. तिला बघितलं की वाटायचं, माझ्या वाटचं सुखसुद्धा हीच खाऊन बसली.

नुसती मळमळ असती तर निभावून नेली असती. पण आदल्या वर्षी तिसऱ्या महिन्यातच माझं लेकरू गेलं होतं, आणि आता पुन्हा तिसराच चालू होता. वजन उतरत होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या होत्या, एकदा सलाईनही लावलं होतं. त्या म्हणाल्या, "पोटात काहीतरी टिकायला हवं, नाहीतर भरती व्हावं लागेल." तेव्हापासून ते एकच वाक्य डोक्यात बसलं. पोटावर हात ठेवून मी सारखी म्हणायची, "अन्न टिको न टिको, तू टिक माह्या राजा."

भादव्यातली पुनव आली आणि दरवर्षीसारखी आमच्या ओसरीवर पोरींची मातीची देवी, भुलाबाई, महिनाभरासाठी बसली. शेजारी तिचा नवरा भुलोजी, मांडीवर गणपती. गल्लीतल्या पोरी रोज दिवेलागणीला यायच्या, टिपऱ्या घेऊन गाणी म्हणायच्या आणि मग खिरापत ओळखायचा खेळ व्हायचा. रोज एका घरून बंद डबा येतो. तो खुळखुळवायचा आणि आत काय आहे ते पोरींनी ओळखायचं. नाहीच आलं तर "हरलो" म्हणायचं, तेव्हाच झाकण निघतं. मी आतल्या खोलीत आडवी पडलेली असायची. पण माझं नाक असं तिखट झालं होतं, की डबा अंगणात आला की मी आतूनच ओरडायची, "शेंगदाण्याचे लाडू!" नाहीतर "शेव हाय, अन् तेल जुनं हाय!" पोरी हिरमुसायच्या. "काकू, तुम्ही नोका सांगू ना वं, सारा खेळच बिघडून राह्यला!"

एका सांजेला चिवडा होता. सुषमा भुलाबाईसमोर ऐसपैस बसून मूठमूठ खात होती आणि पोरींशी खिदळत होती. मी भिंत धरून बाहेर आले आणि हात जोडले. मागायचं होतं ते बाळाचं. पण मनातून निघालं भलतंच. "हिले एक दिवस तरी माह्यासारखं होऊ दे वं माय. एकच दिवस." देवीपुढे असलं मागणारी बाई काय चांगली म्हणायची? पण खोटं कशाला लिहू, तेच मागितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सुषमा मोरीपाशी वाकलेली दिसली. आधी मला बरं वाटलं. आता कळंल म्हटलं. मग तिला पुन्हा उलटी झाली, पुन्हा झाली. चहा निघाला, पाणी निघालं. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि दोन्ही हात पोटावर ठेवले, अगदी मी ठेवते तसेच. तिच्याही पोटात लेकरूच होतं की. तिची पाठ चोळायला उठले तर मलाच घेरी आली. त्या दिवशी भुलाबाईकडे मान वर करून बघायची माझी छाती झाली नाही.

नेमकी त्याच सांजेला खिरापत आमच्या घरची होती. पोरींनी डबा हलवून हलवून पाहिला. काही केल्या ओळखू येईना, तेव्हा माझ्या दाराशी घेऊन आल्या. "काकू, आज तुम्हीच सांगा." मी वास घेतला. काहीच नाही. पुन्हा घेतला. तेलाचा नाही, गुळाचा नाही, कशाचाच नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा खाण्याचा डबा माझ्या नाकाशी होता आणि पोट शांत होतं. "हरली बाई मी," म्हटलं. पोरींनी टाळ्या पिटल्या.

आमच्या गल्लीत हरणारीनं पहिली मूठ घ्यायची असते. सुषमा उतरलेल्या तोंडानं पुढे आली आणि तिनं झाकण काढलं. आत ज्वारीच्या लाह्या होत्या. ना फोडणी ना तिखट, नुसत्या मीठ लावलेल्या.

"ताई, दिवसभर मले काहीच टिकलं नाही. शेवटी ह्या लाह्या फोडल्या, तर तेवढ्या राह्यल्या. म्हटलं, तुमच्या बी पोटात राहतीन." मग हळूच म्हणाली, "तुमचं रोज कसं होत असंन, मले आज समजलं वं."

मी एकेक लाही तोंडात ठेवत गेले. पोरी गेल्या, दिवा मंद झाला, तरी मी ओसरीवरच बसून होते, आता येईल, मग येईल म्हणत. काहीच वर आलं नाही. मग मात्र भुलाबाईपुढे पदर तोंडात कोंबून रडले.

मळमळ एकदम गेली नाही. गोळ्याही चालूच होत्या. पण आधी लाह्या टिकल्या, मग ताकात भिजवलेल्या लाह्या, मग भाताची पेज. वजनाचा काटा थांबला आणि कोजागिरीनंतर हळूहळू वर सरकला. सुषमाचं म्हणाल, तर दुसऱ्याच दिवशी बाई पुन्हा भाकर-ठेचा हाणायला बसली! मी एकच दिवस मागितला होता, देवीनं मोजून तेवढाच दिला. आणि मी? पुन्हा जळले. फक्त आता ती आधी माझ्यासाठी लाह्या फोडायची आणि मग आपलं ताट घेऊन अंगणात जायची, मला वास येऊ नये म्हणून.

माझी लेक आणि सुषमाचा पोरगा आता भुलाबाईसमोर डब्यासाठी भांडतात. तो दिवस आठवला की अजून लाज वाटते आणि नवलही. मी दुसरीचं वाईट मागितलं होतं, आणि देवीनं त्याच मागण्यातून माझं लेकरू राखलं. साध्या लाह्या मागायचं मला कधी सुचलं असतं? म्हणून आता तिच्यापुढे बसले की मनात काही येण्याआधीच हात जोडते आणि म्हणते, हरली वं माय, झाकण तूच काढ.