टोकाकडून पहिली कुदळ

गल्लीत पाण्याचा पाइप टाकायचा, तर पहिली कुदळ कुठे माराल? मोठ्या नळापाशीच ना?

मागच्या खेपेला गल्लीने तेच केलं. पुढच्या घरांत पाणी आलं आणि पुढच्यांच्या कंबरा धरल्या. कुणाकडे पाहुणे, कुणाला काम. पाइप अर्ध्यावर थांबला तो थांबलाच. टोकाची आजी हंडे वाहत राहिली. आता तोही पाइप सडला आणि सगळेच हंडे घेऊन रस्त्यावर आले, तेव्हा कुठे नव्या पाइपाची गोष्ट निघाली.

"या वेळी टोकाकडून खणायचं," मुकादमीण म्हणाली. कपडे शिवणारी बाई ती; मुकादमीण हे जावेने चिडवायला ठेवलेलं नाव, तिने मानाने मिरवलं.

नळवाला हसला. "ताई, बैलाच्या शेपटाला वेसण घालता?"

"ज्याचं भागलं, तो परत फावडं धरत नाही, दादा. आणि माझं घर पहिलं आहे. म्हणजे माझा नंबर शेवटी. आहे कुणाला अडचण?"

कुणालाच नव्हती. खणायला सगळे आले.

अर्ध्या वाटेत शेजारणीला धुण्याचा ओटा आठवला, दिराला दारात दुसरी तोटी हवीशी झाली.

"आधी पाणी," मुकादमीण फणकारली. "ओट्याच्या विटा मी वाहीन. तोटीचं नाव काढू नका, भावजी."

नळवाल्याची एक शंका मात्र रास्त होती. पाणी सोडायचं अगदी शेवटी. मधला सांधा गळला तर सापडणार कसा? तिने फर्मान काढलं, पाणी टोकापर्यंत पोचल्याशिवाय सांध्यांवर माती टाकायची नाही. उघड्या खड्ड्यांत दीर ठेचकाळला, जाऊ तोंडसुख घेत राहिली. ही हलली नाही.

पाणी सोडलं तेव्हा जाऊ तेवढी पुढे थांबली, बाकी सगळी गल्ली टोकाला जमली. तोटी खाकरली, थुंकली, मग धार लागली. आजीने हंडा बाजूला सारून ओंजळ धरली.

तेवढ्यात पुढून जावेची हाक आली. "मुकादमीणबाई, गळतंय. तुमच्याच दारात."

घाईत मुकादमिणीनेच आवळलेला सांधा. हशा पिकला. ती पाना घेऊन ताठ मानेने चालत गेली.

"हसा. माती टाकली असती तर आज अख्खी गल्ली उकरत बसला असता."

सांधा आवळला, माती पडली. सध्या ती ओट्याच्या विटा वाहते आहे, आणि जाऊ तिच्यामागे, कुरकुरत.

तुमच्या गल्लीत काही काम निघालं, तर एवढं करा: पहिली कुदळ टोकाच्या दारात मारा, आणि आपला नंबर शेवटी लावा.