भिंतीकडे तोंड

आमच्या गावाचा इतिहास हॉटेलवाले छापतात, त्यामुळे तो चकचकीत आहे. म्हणे इथे नुसती वाळू होती; मग थोरल्या मालकांनी समुद्रासमोर पांढरंशुभ्र हॉटेल बांधलं आणि नट्या, राजेरजवाडे, धनाढ्य सगळे हवा खायला लोटले. अहो, नुसती वाळू होती, तर आमचे पणजोबा जाळी कुठे वाळवत होते? आमची घरं मागच्या गल्लीत ढकलली आणि वर आम्हालाच नोकऱ्या दिल्याचे उपकार!

माझी आत्या तिथे चादरी बदलायची, उमेदीची सगळी वर्षं. थोरल्या मालकांचा नियम होता: पाहुणा समोरून आला की नोकराने भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. आमची थोबाडं त्यांना दिसू नयेत म्हणून. "नटी कशी दिसायची गं?" असं विचारलं की आत्या म्हणायची, "मला काय माहीत? अत्तर मात्र भारी होतं बाई." आम्ही हसायचो. आता आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

यंदा हॉटेलची शंभरी. व्हरांड्यात थोरल्या मालकांची तसबीर आणि शेजारी बड्या पाहुण्यांचे फोटो आहेत. त्या रांगेत आत्याचाही लावणार, असं मॅनेजरने सांगितलं. आत्या हरखली. "माझा चेहरा लागणार तिथे," असं शेजारीपाजारी सांगत सुटली. ठेवणीतले कपडे, केसांना कलप, सगळं झालं.

फोटोग्राफर सरसावला आणि नेमके धाकटे मालक पाहुण्यांना घेऊन आले. बुटांचा आवाज आला मात्र, आत्या गर्रकन वळली आणि भिंतीला नाक लावून उभी राहिली. तेवढ्यात फोटो निघाला.

मी म्हटलं, "पुन्हा काढा."

मॅनेजर म्हणाला, "कशाला? हाच झकास आलाय. जुनी शिस्त दिसते."

आणि लावला की हो त्यांनी! आत्याची पाठ, खाली 'आमची परंपरा'. मी भांडायला निघालो, तर आत्या म्हणाली, "थांब, मीपण येते."

व्हरांड्यात तिने स्वतःची पाठ नीट पाहून घेतली. मग मला स्टूल धरायला लावलं, थोरल्या मालकांची तसबीर खिळ्यावरून काढली आणि भिंतीकडे तोंड करून पुन्हा टांगली. मॅनेजर धावत आला. "मावशी, हे काय करताय?"

आत्या त्याच्याकडे तोंड करून म्हणाली, "राहू दे तसंच. पाहुणी आलीये."